एकाच टेबलावरचं टपाल

अठरा फुटी टेबल दारातून बाहेर निघत नाही, हे टेबल पूर्ण झाल्यावर आमच्या लक्षात आलं. आमच्या म्हणजे माझ्या आणि तुका सुताराच्या. टेबल हॉलमध्येच बनवलं होतं. तेव्हा दाराची चौकट बसायची होती आणि समोरच्या भिंतीला एवढं भगदाड होतं की बैलगाडी आत आली असती. मग गवंड्यानं चौकट बसवली, तुकानं पॉलिश केलं आणि दोघांपैकी एकाचंही काम चुकलं नाही. मंजुषा, म्हणजे आमची सौभाग्यवती, दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तुम्ही शाळेत गणित शिकवता ना?"

मी गणितच शिकवतो. आधी पोशेऱ्याला आणि मग मोखाड्याला मिळून तेव्हा माझी बावीस वर्षं झाली होती. हॉल बांधला तो बँकेसाठी. बँकेची शाखा येणार, तिला जागा लागणार, जागा झोले गुरुजींची असणार, अशी बातमी होती. ती पसरवणाऱ्यांत मी होतोच. बँक आली नाही. काउंटर म्हणून बनवलेलं टेबल तेवढं राहिलं.

मग माझा मेहुणा कमलेश ठाण्याहून आला. त्याला दुसऱ्याच्या घरातल्या रिकाम्या जागेवर फार चांगल्या कल्पना सुचतात. तो म्हणाला, "दाजी, फोर्टात एकेका खोलीत चार वकील आणि दोन दलाल बसतात. टेबलाचा तुकडा ज्याचा त्याचा. फोन, पंखा आणि पाण्याचा माठ सगळ्यांचा. तुमचं टेबल तसंही बाहेर निघत नाही, तर माणसं आत आणा." मला ते पटलं. दारावर पाटी लावली, 'झोले सामायिक कार्यालय. टेबलावर जागा भाड्याने मिळेल.'

फोनसाठी अर्ज केला. त्यात 'व्यवसायाचे स्वरूप' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे 'टेबल' असं लिहिलं. अर्ज परत आला, फर्निचरच्या दुकानाचा परवाना जोडावा. मी 'टेबलाचा वापर' असं दुरुस्त केलं, तर कोणत्या कारणासाठी वापर ते स्पष्ट करावं असा शेरा आला. फोन मिळाला तेव्हा पावसाळा लागला होता, आणि पावसाळ्यात आमच्याकडच्या फोनमधून पावसाचाच आवाज येतो.

शेजारचे देवरामदादा निवृत्त तलाठी. सल्ला द्यायला त्यांना कारण लागत नाही. ते म्हणाले, "सुदर्शन, मोखाड्यात माणसाला स्वतःचं टेबल असलं तरी तो पारावर बसतो. भाडं देऊन कोण बसंल?" तीन महिन्यांत एक विमा एजंट आला. तो दुपारी जेवून टेबलावर झोपायचा. त्याला टेबलाची लांबी आवडली होती.

हे चौऱ्याण्णव सालचं. वावर-वांगणीची मुलं कुपोषणानं गेली त्याला दोन पावसाळे झाले होते. तेव्हा आमच्या भागाचं नाव पेपरात आलं, मोटारी आल्या, मोटारी गेल्या. आषाढ लागला की पाड्यांवर घरातली नागली, म्हणजे नाचणी, संपते, नवी यायला दिवाळी, आणि मधल्या दिवसांत हगवण आली की आधी लहान पोरं जातात. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत असण्याची आम्हाला सवय झाली होती.

त्या जुलैत वरून आदेश निघाला. मुलांशी संबंध असलेल्या सगळ्या खात्यांनी पावसाळाभर मोखाड्यात एकाच छताखाली बसावं, म्हणजे कामं झटपट होतील. आदेश उत्तम होता. पण चार खाती मावतील आणि गळणार नाही असं छत शोधता शोधता साहेब लोक माझ्या दाराशी आले. एकानं पाटी वाचली, दुसऱ्यानं छताकडे बघितलं, तिसऱ्यानं टेबलावर हात फिरवला. मला वाटलं, झोले, तुझे दिवस आले.

देवरामदादा कुंपणावरून म्हणाले, "सरकारला जागा दिलीस? आता तुला तुझ्याच घरात अर्ज करून शिरावं लागंल."

खात्यांची नावं मी सांगणार नाही. एक तर ती फार लांब असतात आणि दुसरं म्हणजे मी अजून नोकरीत आहे. आम्ही घरात त्यांना ज्या नावांनी ओळखायचो तीच सांगतो. एक वजनवाल्या, म्हणजे प्रगतीताई. पाड्यापाड्यावरच्या मुलांच्या वजनाची रजिस्टरं त्यांच्याकडे. एक डॉक्टर. एक जीपवाले साहेब, त्यांचं मूळ काम झाडं लावण्याचं, पण चढावर चालणारी जीप त्यांच्याच खात्याकडे होती. आणि एक भाऊसाहेब, धान्य आणि डिझेल त्यांच्या सहीनं सुटायचं. चौघंही भली माणसं होती, हे आधीच सांगून ठेवतो. कामचुकार माणूस असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

पहिल्याच दिवशी टेबलाची वाटणी झाली. अठरा फुटांचे चार भाग, प्रत्येकी साडेचार फूट. मी शाळेतून खडू आणून रेघा मारून दिल्या. मला त्याचा अभिमान वाटला, कारण भाग अगदी बिनचूक पडले होते. डॉक्टरांची बाटली वजनाच्या हद्दीत गेली तर प्रगतीताई ती बोटानं परत सरकवायच्या. जीपवाल्या साहेबांचा पेपर उघडला की तो दोन खात्यांवर पसरायचा, म्हणून त्यांनी पेपर उभा धरून वाचायची सवय केली.

चौघंही इथे बसायला आले, पण त्यांचे आवक-जावकचे कारकून आले नाहीत. ते जव्हारला. आणि कागदावर आवक क्रमांक पडल्याशिवाय कागद आला असं धरत नाहीत. तो समोर पडलेला असला, वाचून झालेला असला, त्यातला मजकूर पाठ असला, तरी तो आलेला नसतो. त्यामुळे प्रगतीताईंनी डॉक्टरांना पत्र लिहिलं की ते टपालाच्या पिशवीत पडे. पिशवी साडेतीनच्या एसटीनं जव्हारला जाई. तिथे डॉक्टरांच्या खात्याचा कारकून त्यावर क्रमांक टाकी आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं पत्र परत मोखाड्याला, प्रगतीताईंच्या शेजारी, साडेचार फुटांवर येई. मग डॉक्टर ते उघडत आणि म्हणत, "हं, मॅडम, तुमचं पत्र मिळालं."

मी पहिल्या आठवड्यात हे बघून थक्क झालो. दुसऱ्या आठवड्यात मला उपाय सुचला. बाजारातून एक जाड वही आणली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'सामायिक आवक' असं लिहिलं आणि टेबलाच्या मध्यावर ठेवली. चौघांनी ती उचलून बघितली. भाऊसाहेब हळुवारपणे म्हणाले, "गुरुजी, वही छान आहे. पण ही कोणत्या आदेशानं सुरू झाली?" माझ्याकडे आदेश नव्हता. वही मंजुषानं दुधाच्या हिशेबाला घेतली.

माझा चेहरा पडलेला बघून असेल, पण त्यांनी मला 'मानद समन्वयक' हे पद दिलं. पुठ्ठ्याचा बिल्लासुद्धा करून दिला. पदाची कर्तव्यं दोन होती. रोज दुपारी पिशवी एसटीत ठेवायची आणि आलेली पिशवी एसटीतून आणायची. देवरामदादा म्हणाले, "म्हणजे शिपाई." मी म्हणालो, "मानद." ते म्हणाले, "म्हणजे बिनपगारी शिपाई." मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. त्यातच माझ्या खात्याची नोटीस आली, सेवेत असताना दुसरं पद धारण केल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा लिहिला आणि माझ्याच हातानं त्याच पिशवीत घातला.

मंजुषा चहा करत होती, दुपारी भात-आमटी करत होती आणि रोज संध्याकाळी विचारत होती, "आज किती पोरं आणली दवाखान्यात?" मी तिला किती पत्रं गेली ते सांगायचो.

शुक्रवारी, बारा ऑगस्टला, मधल्या सुट्टीत घरी आलो तर हॉलच्या दारात सकू उभी. सकू ही उंबरमाळ पाड्याची अंगणवाडीची बाई. उंबरमाळ पोशेऱ्याच्या पलीकडे, ओहोळ ओलांडून, पावसात मोखाड्यापासून चार तासांची चाल. डोक्यावर इरलं, हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वजनाची चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं, जयवंती, वय दोन वर्षं, बापाचं नाव रघ्या, आईचं रुपी, वजन पाच किलो आठशे, श्रेणी चार. चौथ्या श्रेणीच्या खाली श्रेणी नाही.

रघ्याला मी ओळखत होतो. पोशेऱ्याच्या शाळेत चौथीपर्यंत तो माझ्या हाताखाली होता. अक्षर चांगलं होतं.

सकू म्हणाली, "गुरुजी, पोर हगवणीनं पार गळालीय. डोळं उघडीत नाय. रघ्या नि रुपी तिला झोळीत घालून निघालेत. पोशेऱ्याच्या फाट्याशी झाडाखाली बसलेत. गाडी असंल तर सांग. नसंल तर तसंच चालत येतात."

मी तिला आत नेलं. आणि त्या दिवशी त्या टेबलानं जे काम केलं तसं मी सरकारी काम आयुष्यात बघितलं नव्हतं. प्रगतीताईंनी उभ्या उभ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. डॉक्टरांनी, पत्र पोचेल हे गृहीत धरून, पोरीला जव्हारच्या रुग्णालयात न्यायला गाडी द्यावी असं पत्र जीपवाल्या साहेबांना लिहिलं. जीपवाल्या साहेबांनी डिझेलसाठी भाऊसाहेबांना लिहिलं. भाऊसाहेबांनी मंजुरीचं पत्र तयार करून ठेवलं. चाळीस मिनिटांत चार पत्रं, चार सह्या, चार शिक्के. मला भरून आलं. डॉक्टरांनी साखर-मिठाची पाकिटं सकूला दिली आणि म्हणाले, "पावसात भिजवत आणू नका म्हणावं तिला. थंडी बाधली तर कठीण होईल."

यापुढचं मला कोणी सांगायला सांगितलं नव्हतं. मी छातीवरचा बिल्ला नीट केला आणि सकूला म्हणालो, "रघ्याला सांग, पोरीला घेऊन घरी जा. कोरडी ठेव, ऊब दे. उद्या सकाळी जीप ओहोळापर्यंत येईल. झोले गुरुजींनी सांगितलंय म्हणावं."

सकूनं दाराबाहेरच्या जीपकडे बघितलं. जीप ताडपत्रीखाली उभी होती. "नक्की येल ना?" तिनं विचारलं.

मी तिला टेबलावरच्या चार सह्या दाखवल्या. तिला वाचता येत होतं. तिनं सगळ्या वाचल्या आणि मान डोलावून गेली.

साडेतीनला मी पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. जव्हारची गाडी वेळेवर लागली होती आणि निम्मी रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "आज गर्दी नाही, गुरुजी. ठेवा कुठंही." मी पिशवी भिजू नये म्हणून खिडकी लावून घेतली आणि तिला सीटवर ठेवलं. त्याच गाडीत, त्याच सीटवर रुपी पोरीला मांडीवर घेऊन बसू शकली असती. ते फाट्यावरून उतरून मोखाड्यात यायला तास लागला असता. साडेतीनची चुकली असती तर साडेपाचची होती. हे सगळं मला आज सुचतं. त्या दिवशी मी गाडीला हात केला आणि शाळेत जाऊन सातवीला काळ-काम-वेगाची उदाहरणं घातली.

शनिवारी सकाळी जीप निघाली नाही. तो महिन्याचा दुसरा शनिवार होता. जव्हारचे कारकून सुट्टीवर. पुढे रविवार, आणि सोमवारी पंधरा ऑगस्ट. कॅलेंडर माझ्याच हॉलमध्ये, टेबलाच्या बरोबर समोर टांगलेलं होतं, आणि शुक्रवारी आम्हा पाचांपैकी एकानंही मान वर केली नव्हती.

आमचा कक्ष मात्र उघडा होता. कक्षाला सुट्टी नाही असं आदेशातच होतं. चौघंही शनिवारी आले, रविवारीही आले, आपापल्या साडेचार फुटांत बसले. मी विचारलं, "उंबरमाळच्या पोरीचं काय?" जीपवाले साहेब म्हणाले, "डॉक्टरांचं पत्र यायचंय." डॉक्टर म्हणाले, "मॅडमचं पत्र मला अजून मिळालेलं नाही." ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं. जीपवाले साहेब दोनदा उठून जीपपर्यंत गेले, ताडपत्रीवर साचलेलं पाणी सांडलं आणि परत येऊन बसले. गेल्या वर्षी त्यांनी विनापत्र जीप काढली होती आणि त्याची चौकशी अजून चालू होती.

मी देवरामदादांकडे गेलो. सल्ला हवा असताना मी त्यांच्याकडे गेलो असा तो एकमेव प्रसंग. ते म्हणाले, "कागद गेला ना? मग तू कशाला जिवाला लावून घेतोस? कागद गेला की माणूस सुटला." मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मी तिथेच थांबलो. जीप आली नाही तर रघ्या पोरीला घेऊन चालत येईल, तो काही अडाणी नाही, असं मी मनाशी म्हणालो. रविवारी मुलांकडून झेंड्याची कवायत करून घेतली.

सोमवारी झेंडावंदन झालं. मी कडक इस्त्रीच्या कपड्यांत, टोपी घालून, रांगेतल्या मुलांना बिस्किटं वाटत होतो. रांगेच्या शेवटी सकू उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. तांबडं फुटायच्या आत निघाली असणार. मी चुकून तिच्याही हातावर दोन बिस्किटं ठेवली. तिनं ती मुठीत धरली.

"गुरुजी, गाडी नाय आली," ती म्हणाली. "रघ्या शनवारपासून रोज ओहोळाशी येऊन उभा ऱ्हातो."

"मग चालत का नाही आणली?" मी ओरडलो. मला राग आला होता, आणि तो तिच्यावर काढायला सोपा होता.

सकू म्हणाली, "तू सांगलास ना थांबा म्हणून."

बिस्किटाचा पुडा हातात तसाच घेऊन मी घरी गेलो, मागोमाग सकू. हॉलमध्ये चौघं बसले होते. बाहेर जीप उभी होती. मला मोठ्यानं काहीतरी बोलायचं होतं, पण बावीस वर्षांत मी साहेबांपुढे मोठ्यानं बोललो नव्हतो आणि ते एकदम जमेना. सकूनं मंजुषाला काय ते सांगितलं असावं, कारण मंजुषा हातात ओलं फडकं घेऊन बाहेर आली.

तिनं टेबल पुसायला सुरुवात केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खडूच्या तिन्ही रेघा गेल्या. मग तिनं जीपवाल्या साहेबांना विचारलं, "भाऊ, तुमची रोपं लावलीत ना उंबरमाळच्या अंगाला?"

"लावलीत की, वहिनी. साग आहे."

"जगली का ते बघायला गेलात?"

साहेबांनी आधी तिच्याकडे, मग बाहेरच्या जीपकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, जीपची वही ओढली आणि प्रवासाच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'रोपवन पाहणी, उंबरमाळ.' वही त्यांनी डॉक्टरांकडे सरकवली. हातानं. डॉक्टरांनी खाली लिहिलं, 'हगवणीच्या साथीचे सर्वेक्षण, उंबरमाळ.' प्रगतीताईंनी लिहिलं, 'वजनाची फेरतपासणी, उंबरमाळ.' वही भाऊसाहेबांपुढे आली. त्यांनी चष्मा पुसला. "डिझेलचा वापर योग्य होतो की नाही हे मला जातीनं बघितलं पाहिजे," ते म्हणाले, आणि तसंच लिहिलं. एकाच जीपनं चार खाती चार कामांना निघाली, कोणालाच कोणाचं पत्र लागलं नाही. याला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"आणि गुरुजी कशासाठी?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाट दाखवायला," मंजुषा म्हणाली. "चुकीची दाखवलीय त्यांनी. बरोबरची दाखवू देत."

ओहोळाच्या अलीकडे जीप थांबली. पलीकडच्या काठावर रघ्या उभा होता. जीप दिसताच तो वळून पाड्याकडे पळत सुटला. अर्ध्या तासानं तो आणि रुपी पोरीला घेऊन पाण्यातून आले. रघ्यानं ती डोक्याच्या वर उचलून धरली होती. आधी गोधडी, त्यावर खताच्या पिशवीचं प्लॅस्टिक, त्यावर इरलं.

"तू सांगलास तशी कोरडी ठेवली, गुरुजी," रघ्या म्हणाला. "एक थेंब लागू दिला नाय."

डॉक्टरांनी गोधडी बाजूला केली आणि पुढे जव्हारपर्यंत तिचं मनगट सोडलं नाही. चमच्यानं पाणी देत राहिले. रुपी पोरीचे पाय चोळत होती. जीपवाले साहेब स्वतः चालवत होते. दुपारी एकच्या सुमाराला आम्ही रुग्णालयात पोचलो. तिथल्या लोकांनी जे करायचं ते सगळं केलं, त्यात काही कमी पडलं नाही. जयवंती बुधवारी सकाळी गेली.

मंगळवारी चारही पत्रांवर जव्हारला क्रमांक पडले होते. बुधवारच्या पिशवीतून ती परत आली. भाऊसाहेबांनी ती फायलीला लावली आणि बराच वेळ त्या फायलीवर हात ठेवून बसले. प्रगतीताई मंजुषाजवळ चुलीपाशी जाऊन रडल्या. मला रडू आलं नाही. मला लाज वाटत होती, आणि ती दुसऱ्या कुणाला देता येत नव्हती.

त्यानंतर त्या टेबलावर खडूच्या रेघा पडल्या नाहीत. कागद हातानं सरकू लागला आणि पिशवी मागाहून, हवं तेव्हा, जव्हारला जाऊ लागली. दिवाळीपर्यंत जीप अकरा वेळा बाहेर पडली आणि उंबरमाळच्या बाजूच्या सागाची इतकी पाहणी झाली की तेवढी कुठल्याच जंगलाची झाली नसेल. खोडाळ्याच्या अंगाची दोन पोरं आली, पोशेऱ्याची तीन आली. सगळी वाचली असं नाही, पण वाट बघत कुणी गेलं नाही. कोणी विचारलं की सामायिक कार्यालयाचा उपयोग काय, तर मी हे सांगतो. आणि हे शिकायला आम्हाला काय लागलं तेही सांगतो.

ऑक्टोबरात तक्ता आला. मृत्यू झालेल्या प्रत्येक मुलामागे एक तक्ता भरायचा होता. खात्याचं नाव, काम आल्याचा दिनांक, कार्यवाहीचा दिनांक, विलंबाचे दिवस, विलंबाचं कारण. मानद समन्वयक म्हणून तो मी भरायचा. प्रगतीताईंची कार्यवाही त्याच दिवशी, विलंब शून्य. डॉक्टर, त्याच दिवशी, शून्य. जीपवाले साहेब शून्य, भाऊसाहेब शून्य. सगळं खरं होतं, कागद माझ्यासमोर होते. खाली एकूण विलंब लिहायचा होता, तोही शून्य आला. शुक्रवारी झाडाखाली बसलेली पोर सोमवारी जीपमध्ये आली आणि मधले तीन दिवस कुणाच्याच रकान्यात नव्हते.

बापाची सही हवी होती. रघ्याला निरोप पाठवला, तो आला. टेबलापाशी उभा राहून त्यानं सही केली. काना, मात्रा, वरची रेघ, सगळं मी शिकवलं होतं तसंच. मी म्हणालो, "रघ्या, मी तुला परत पाठवलं."

"तू भल्यासाठीच सांगलास," तो म्हणाला. "तुझ्यावर राग नाय, गुरुजी." पेन त्यानं टोपण लावून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, "रुपी म्हणत व्हती, चालत जाव. मीच म्हणालो, गुरुजीनं सांगितलंय."

तो गेल्यावर मी तक्त्यात पाचवी ओळ आखली. झोले सुदर्शन, मानद समन्वयक. विलंब, तीन दिवस. कारण, पालक रुग्णास घेऊन पायी निघाले होते, मी त्यांना थांबायला सांगितले.

तक्ता आठ दिवसांत परत आला. शेरा होता, 'मानद पदास विलंब दर्शविता येत नाही. पाचवी ओळ वगळून फेरसादर करावे.' मी तो तसाच पाठवला. परत आला. पुन्हा पाठवला. देवरामदादा कुंपणावरून म्हणाले, "अरे, नोकरीत हाईस. बेरीज शून्य येतीय तर आपल्या हातानं आपल्यावर कशाला लिहितोस? उद्या पेन्शनला आडवं येईल." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मंजुषानं मात्र टेबल पुसून दिलं.

चौथ्यांदा तक्ता आला तेव्हा त्याच्या घड्या फाटल्या होत्या. मी नवा आखला, आणि या वेळी पाचवी ओळ पहिली लिहिली.